हे कोणी लिहिलं? ऑनलाइन ग्रुप प्रोजेक्टचा जुना वाद

ऑनलाइन ग्रुप स्टडी म्हटलं की सगळ्यांना २०२० चा लॉकडाऊनच आठवतो, पण ही भानगड त्याच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून कॉम्प्युटरवर शिकवायची प्लेटो नावाची सिस्टीम होती. तिथे काही अडलं की लोक एका उघड्या फाइलमध्ये लिहायचे, आणि त्या फाइलमध्ये कोणीही काहीही लिहावं, दुसऱ्याचं खोडावं, कोणी लिहिलं ते कळायला मार्गच नाही. मग १९७३ मध्ये डेव्हिड वूली नावाच्या १७ वर्षांच्या पोराने नोट्स हा प्रोग्राम लिहिला, त्यात प्रत्येक मजकुरावर तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याचा आयडी आपोआप पडायचा. माझ्या मते सगळी गोम त्या शिक्क्यात आहे.

फायदा शिक्षणवाल्यांनी लवकर ओळखला. टोरांटोत मार्लिन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर यांनी ८० च्या दशकात शाळेतल्या मुलांसाठी सीसाइल नावाची सिस्टीम केली, मुलांनी आपली नोट टाकायची, "माझी थिअरी अशी" किंवा "मला हे समजून घ्यायचंय" असं लेबल लावून, मग बाकीच्यांनी त्यावर भर घालायची. वर्गात जो तोंड उघडत नाही त्यालाही इथे वेळ घेऊन, खाडाखोड करून बोलता येतं, आणि दुसऱ्याला समजवताना आपल्याला किती कळलंय तेही उघडं पडतं, हा खरा फायदा.

पुढे १९९५ ला वॉर्ड कनिंगहॅमचं पहिलं विकी, म्हणजे कोणीही मजकूर बदलू शकेल अशी वेबसाइट आली, २००५ ला ब्राउझरमध्येच एकत्र लिहायचं राइटली आलं, ते २००६ मध्ये गूगलने घेतलं आणि त्यातूनच गूगल डॉक्स झालं, मग फाइल ईमेलने फिरवायची आणि "फायनल_२_नक्की फायनल" असली नावं द्यायची कटकट बऱ्यापैकी गेली.

तोटा मात्र कॉम्प्युटरच्याही आधीचा आहे. फ्रान्समध्ये रिंगेलमन नावाच्या इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत आठ जण मिळून ओढतात तेव्हा दरडोई जोर एकट्याच्या जेमतेम निम्मा भरतो. थोडा गोंधळ एकदम न ओढल्यामुळे, थोडी सरळ कामचुकारी, तिला १९७९ पासून सोशल लोफिंग म्हणतात. ऑनलाइन तर दोरीला नुसता हात लावून उभं राहणं आणखीनच सोपं, "छान झालंय, मी वाचलं" एवढं टाकलं की झालं.

दुसरा वाद मदत कुठे संपते आणि कॉपी कुठे सुरू होते याचा. २००८ मध्ये टोरांटोच्याच रायर्सन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यावर केमिस्ट्रीचा फेसबुक स्टडी ग्रुप चालवल्याबद्दल १४७ आरोप ठेवले, ग्रुप चालवल्याचा एक आणि १४६ मेंबरांचे १४६! काढून टाकायची वेळ आली होती, शेवटी तसं झालं नाही. लायब्ररीत टेबलाभोवती बसून हेच केलं असतं तर कोणी विचारलंही नसतं, पण ऑनलाइन सगळं लेखी राहतं ना.

२०२० मध्ये शाळा-कॉलेजं बंद पडली आणि युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे दीड अब्जाच्या आसपास विद्यार्थी घरी बसले, तेव्हा आधी हौस असलेली ही पद्धत नाइलाज झाली, ज्याच्याकडे नेट नाही तो ग्रुपबाहेरच. आणि आता डेडलाइनच्या रात्री डॉक उघडलं की वर चार नावं दिसतात, कर्सर एकाचाच हलत असतो, आणि मार्कांवरून भांडण लागलं की सर व्हर्जन हिस्टरी उघडून बघतात, कोणी किती ओळी लिहिल्या आणि कोणी फक्त फॉन्ट बदलला.