बोटाला कळायला हवे: आवाज न करणाऱ्या कीबोर्डमागचा इतिहास

१९७० च्या दशकातल्या आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीच्या ३२७० मालिकेतल्या टर्मिनलांचे (मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडद्यांचे) कीबोर्ड उघडले, तर आत टायपिंगशी काहीच संबंध नसलेली एक वस्तू सापडते: छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या गुंडाळीने हलणारा दांडा. कळ दाबली की हा दांडा आतल्या आत आपटायचा आणि ‘टक्’ असा आवाज व्हायचा. कळांचा स्वतःचा आवाज त्या मानाने कमी होता. आवाज मुद्दाम, पैसे खर्च करून घातलेला होता.

कारण समोर बसणारी माणसे टाइपरायटरवरून आलेली होती. टाइपरायटरवर अक्षर उमटल्याचा निरोप कानाला मिळे. तो निरोप बंद झाला की बोट अडखळते, तीच कळ पुन्हा दाबते किंवा गरजेपेक्षा जोराने दाबते. आज ‘शांत आणि आरामदायी’ कीबोर्ड शोधताना नेमकी हीच अडचण समोर येते. आवाज काढून टाकणे अवघड नाही. आवाज काढल्यावर बोटाला कसे कळवायचे, हा खरा प्रश्न आहे.

रेमिंग्टनने १८७४ मध्ये टाइपरायटर बाजारात आणल्यापासून त्याचा खडखडाट हा कचेऱ्यांचा त्रास होताच. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी ‘नॉइजलेस टाइपरायटर कंपनी’ याच त्रासावर उपाय विकत होती. तिच्या यंत्रात अक्षराचा खिळा कागदावर फटकन आदळत नसे. शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग कमी होई आणि तो कागदावर दाबला जाई. १९२४ मध्ये रेमिंग्टनने ही कंपनी आपल्यात घेतली. पण दाबून उमटवलेल्या अक्षराला ठोक्याचा जोर नव्हता, आणि एका वेळी चार-पाच कार्बन प्रती काढायच्या तर ठोकाच लागतो. आपल्याकडच्या कचेऱ्यांत तर कार्बन प्रतीशिवाय पान हलत नसे. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर बनवला तो ठोक्याचाच, आणि टायपिंग क्लासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बोटे तयार झाली तीही त्याच ठोक्यावर. शिरवळच्या कारखान्यातले उत्पादन थांबले ते २००९ मध्ये. गल्लीतून जाताना क्लास कुठे आहे हे पाटी न वाचता कळायचे, हे आठवणारे वाचक अजून पुष्कळ असतील.

संगणकाच्या कीबोर्डमध्ये आवाजाला सर्वात देखणे उत्तर मिळाले ते आयबीएमच्याच रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या स्प्रिंगमुळे. १९७८ च्या पेटंटमधली ही कल्पना अशी: कळेखालची उभी स्प्रिंग दाबली जाता जाता एका क्षणी अचानक बाजूला वाकते, आणि त्या झटक्याने खालची तरफ कलंडून अक्षर नोंदवते. बोटाखालचा झटका, कानावरचा आवाज आणि अक्षराची नोंद तिन्ही एकाच क्षणी. १९८५ च्या सुमारास आलेला, सुमारे २ किलो वजनाचा ‘मॉडेल एम’ याच स्प्रिंगवर चाले. मला तो आजही कीबोर्डांमधला सर्वात प्रामाणिक वाटतो. पण शेजारी कोणी झोपले असेल तर तो वापरता येत नाही, हेही तितकेच खरे.

पुढे संगणक स्वस्त झाले, तसे कीबोर्डही स्वस्त करावे लागले. स्प्रिंगांच्या जागी रबराच्या वाट्या आणि त्यांखाली प्लास्टिकचे पातळ पडदे आले. हाच मेम्ब्रेन कीबोर्ड. रबरामुळे आवाज आपोआप दबला. शांतता हा इथे हेतू नव्हता, ती काटकसरीच्या मागून आली. किंमत मात्र बोटांनी मोजली. यात वाटी पूर्ण बसून पडद्याला पडदा टेकल्याशिवाय अक्षर उमटत नाही, त्यामुळे प्रत्येक कळ तळापर्यंत दाबावी लागते. काही वर्षांनी रबर थकले की काही कळा जड होतात, काही गिळगिळीत.

जर्मनीत चेरी कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एमएक्स’ स्विच आणला, म्हणजे प्रत्येक कळेखाली बसणारा स्वतंत्र खटका. यात ४ मिलिमीटरच्या प्रवासात साधारण २ मिलिमीटरवरच अक्षर नोंदले जाते. निळ्या दांडीचा स्विच टिकटिकतो, तपकिरी नुसताच हलका उंचवटा देतो, लाल सरळ खाली जातो. मात्र निळा टाळून लाल घेतला म्हणजे शांतता मिळाली, हा समज चुकीचा आहे. टिकटिक हा आवाजाचा एक भाग झाला. दांडी तळाला आपटते, परत येताना वर आपटते, स्पेसबारच्या आधाराची तार खुळखुळते आणि पोकळ पेटी हे सगळे मोठे करून ऐकवते. कळेखाली रबरी कडी घातली तर फक्त खालचा आवाज कमी होतो.

शांतता आणि बोटाला मिळणारा निरोप या दोन्हींचा विचार जपानी अभियंत्यांनी चांगला केला. टोप्रे कंपनीच्या स्विचमध्ये रबराची वाटी आहे, पण तिच्याखाली शंकूसारखी स्प्रिंग आहे. ती दबली की विद्युतधारिता (विजेचा भार साठवण्याची क्षमता) बदलते आणि अक्षर नोंदले जाते. पडदे टेकावे लागत नाहीत, आणि वाटीचा मऊ उंचवटा बोटाला निरोप देतो. संगणकशास्त्रज्ञ एइची वादा यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’ची ‘टाइप-एस’ ही शांत आवृत्ती २०११ मध्ये आली ती याच स्विचवर. मग चेरीनेही दांडीच्या दोन्ही टोकांना मऊ गादी लावलेले ‘सायलेंट’ स्विच काढले. गादीमुळे प्रवास ३.७ मिलिमीटरवर आला, आणि तळाचा स्पर्श किंचित बोथट झाला. काहींना हा बोथटपणा आवडतो, काहींना अजिबात नाही.

आरामाचा इतिहास मात्र वेगळ्याच वाटेने गेला आहे. त्यात आवाजाचा प्रश्न नव्हता, मनगटाचा होता. के. एच. ई. क्रोमर यांनी १९७२ मध्ये दोन भागांत विभागलेल्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या कीबोर्डचा अभ्यास मांडला. मायक्रोसॉफ्टचा ‘नॅचरल’ १९९४ मध्ये घरोघरी पोचला. म्हणून शांत कीबोर्ड आरामदायी असेलच असे नाही, आणि उलटही नाही.

मराठी टंकणाऱ्यांसाठी यात एक भर आहे, जी इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही. १९९१ च्या भारतीय मानकात घेतलेल्या इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीत ‘क’ साधा, पण ‘ख’ शिफ्टवर. ‘ब’ साधा, पण ‘भ’ शिफ्टवर. ‘भाषा’ हा एवढासा शब्द दोनदा शिफ्ट मागतो. ‘स्त्री’ला शिफ्ट लागत नाही, पण त्यासाठी सहा कळा दाबाव्या लागतात. म्हणजे आपली करंगळी सतत कामावर असते, आणि ती सर्वात अशक्त. दुकानात कीबोर्ड हाताळताना म्हणूनच दोन्ही शिफ्ट करंगळीने सलग वीस-पंचवीस वेळा दाबून पाहावेत, मराठीचा एखादा परिच्छेद टाइप करून पाहावा, आणि शेवटी स्पेसबार अगदी कडेला दाबून त्याची तार खुळखुळते का ते ऐकावे.