फ्लॅट 12 टक्के आणि शून्याचा सापळा

गणिती सॉफ्टवेअरचं मॅन्युअल पहिल्या पानापासून कुणी वाचत नाही. माणूस आपल्या कामाशी मिळतंजुळतं उदाहरण शोधतो, कॉपी-पेस्ट करतो, चालतंय ना बघतो आणि मग त्यातले आकडे काढून स्वतःचे घालतो. त्यामुळे चार ओळींत उरकलेलं उदाहरण पुढे कुणाच्या प्रोजेक्टात, कुणाच्या प्रबंधात, कुणाच्या ऑफिसच्या हिशेबात जाऊन बसतं, चुकांसकट. तरीही उदाहरणं लिहिण्याचं काम बहुधा सगळ्यात शेवटी, हातात वेळ उरला तरच होतं.

चांगलं उदाहरण कसं असतं हे बघायचं तर मॅटलॅबचं घ्या. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत होते. लिनपॅक आणि आइसपॅक ही मॅट्रिक्सच्या आकडेमोडीची, फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतली पॅकेजं विद्यार्थ्यांना फोरट्रानच्या वाटेला न जाता वापरता यावीत, म्हणून त्यांनी मॅटलॅब लिहिलं. नवशिक्यांना त्यात एक जादूचा चौरस भेटतो. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1514 साली केलेल्या एका कोरीव चित्रातला हा चौरस. 1 ते 16 हे आकडे, आडव्या, उभ्या, तिरप्या कुठल्याही ओळीची बेरीज 34, आणि सगळ्यात खालच्या ओळीत मधोमध 15 आणि 14 शेजारी शेजारी, म्हणजे चित्राचं सालही तिथंच.

बेरीज तोंडी करता येते. त्यामुळे पहिलीवहिली आज्ञा दिल्यावर पडद्यावर चार वेळा 34 आले, की आपलं बरोबर आहे हे सांगायला मास्तर लागत नाही. पण खरी मजा पुढे आहे. या चौरसाचा निश्चयक शून्य आहे. तो संगणकाला काढायला सांगितला, तर नेमकं शून्य येण्याऐवजी दशांशचिन्हापुढे दहा-अकरा शून्यं असलेली एखादी चिमुकली संख्या येऊ शकते. सगळे पूर्णांक असताना हा अपूर्णांक आला कुठून? संगणक वाटेत भागाकार करतो आणि न संपणारे अपूर्णांक ठरावीक अंकांवर छाटतो, तिथून. हे व्याख्यान देऊन सांगितलं असतं तर निम्मा वर्ग झोपला असता.

उदाहरणं शिळीही होतात. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कित्येक वर्षं आयरिस फुलांचीच मापं वापरली जाताहेत: तीन जाती, प्रत्येकीची 50 फुलं, वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी गोळा केलेली आणि संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1936 साली शोधनिबंधात वापरलेली. आकडे निरुपद्रवी आहेत, फक्त वापरून वापरून गुळगुळीत झालेत. बॉस्टनच्या घरांच्या किमतींचं तसं नव्हतं. 506 ओळींच्या त्या तक्त्यात वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून बेतलेला एक स्तंभ होता, आणि त्यामागचं गृहीतकच वंशभेदी होतं. सायकिट-लर्न या पायथनमधल्या पॅकेजने 1.2 आवृत्तीत हा तक्ता काढून टाकला. तोवर किती जणांनी त्यावर पहिला धडा गिरवला असेल! ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने 2025 मध्ये, 4.5.0 आवृत्तीत, अंटार्क्टिकाजवळच्या बेटांवरच्या पेंग्विनांची मापं मूळ संचातच घातली. वर्गात आयरिसऐवजी तीच वापरावीत असं माझं मत आहे. त्यांत काही नोंदी गहाळ आहेत, आणि खऱ्या कामात त्या असतातच.

आपल्याकडे या कामाचा मोठा कारखाना पवईला आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात देशभरातले विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उतरवतात, आणि ती कुणालाही फुकट मिळतात. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की छापील उत्तर समोर असतं. ते जुळलं नाही, तर चूक प्रोग्रॅमची की पुस्तकाची, याचा छडा लावावाच लागतो. विल्यम स्टाइन यांनी 2005 साली सुरू केलेल्या सेज या मोफत गणिती सॉफ्टवेअरमध्ये तर शिस्त आणखी कडक आहे: प्रत्येक फंक्शनच्या माहितीत उदाहरण आणि त्याचं अपेक्षित उत्तर हवंच, आणि संगणक ती उदाहरणं पुन्हा पुन्हा चालवून उत्तर बदललं नाही ना हे तपासतो.

पण पुस्तकातलं उदाहरण आणि शिकणाऱ्याला खरोखर पडलेला प्रश्न यांत अंतर असतं. समीकरणाचं मूळ शोधणाऱ्या आज्ञेला उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी ‘क्ष वर्ग वजा 2’ असलं काहीतरी दिलेलं असतं. त्याऐवजी मी दुचाकीचं कर्ज घेईन.

एक लाख रुपये, एक वर्ष, ‘फ्लॅट 12 टक्के’. व्याज 12,000, एकूण 1,12,000, भागिले 12, म्हणजे हप्ता 9,333 रुपये 33 पैसे. ऐकायला सरळ. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. शिल्लक रकमेवर 12 टक्के लावले असते तर हप्ता 8,884 रुपये 88 पैसे बसला असता आणि वर्षाचं व्याज साधारण 6,619 रुपये. मग या कर्जाचा खरा दर किती? मासिक दराला ‘द’ म्हटलं, तर समीकरण असं:

100000 × द = 9333.33 × [1 − 1/(1 + द)¹²]

यातून ‘द’ एकटा बाजूला काढता येत नाही. कागदावर अडलेलं हे गणित सॉफ्टवेअर क्षणात सोडवतं: द = 0.01788, म्हणजे महिना 1.788 टक्के, वर्षाला 21.46 टक्के. बाराचे जवळजवळ दुप्पट! हे उत्तर पाहून ज्याची झोप उडेल, तो मूळ शोधण्याची आज्ञा जन्मात विसरणार नाही.

आता सापळा. या समीकरणात द = 0 घाला. दोन्ही बाजू शून्य! म्हणजे शून्य हेही एक मूळ आहे, गणिताच्या दृष्टीने अगदी चोख आणि कर्जदाराच्या दृष्टीने बिनकामाचं. मूळ शोधायची न्यूटनची रीत एक अंदाज घेऊन तो पायरीपायरीने सुधारत जाते, म्हणून तिला सुरुवातीचा अंदाज द्यावा लागतो. 12 टक्के भागिले 12 म्हणून 1 टक्का दिला, तर ती बरोबर जागी पोचते. अर्धा टक्का दिला, तर पुढच्याच पायरीला उणे संख्येत उडी मारते आणि मग सरकत सरकत शून्यावर येऊन थांबते. कुठलाही इशारा येत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या मते काम फत्ते झालेलं असतं. उदाहरण लिहिणारा स्वाभाविकपणे 1 टक्का देतो, त्याचं सगळं सुरळीत चालतं, आणि शून्यावर अडकायची पाळी येते ती वापरणाऱ्यावर.

म्हणून उदाहरणात दोन्ही सुरुवाती दाखवाव्यात, आणि मग उपायही: दोन्ही बाजूंच्या फरकाचा आलेख काढून वक्र आडव्या अक्षाला कुठे कुठे छेदतो ते आधी बघायचं, किंवा 1 ते 10 टक्क्यांच्या मध्येच शोध, असं बजावायचं. शेवटी पडताळा. पहिल्या महिन्याचं व्याज 1,788, हप्त्यातले उरलेले 7,545 मुद्दलात, उरलेल्या मुद्दलावर पुढच्या महिन्याचं व्याज, असं बारा वेळा करत गेलं की शिल्लक शून्य व्हायला हवी. हा तक्ता साध्या कॅल्क्युलेटरवरही होतो, सॉफ्टवेअरवर विश्वास टाकायची गरज नाही.

बदलून बघायला एकच आकडा सुचवावा. प्रोसेसिंग फी म्हणून 2,000 रुपये आधीच कापले, हातात 98,000 आले, हप्ता तोच. डाव्या बाजूला 100000च्या जागी 98000 लिहायचं, बाकी काही नाही. वर्षाचा दर येतो 25.4 टक्के.