ताप उतरला, पण पाखाडी चढवेना

आमच्या वाडीतून देवळाकडे जाणारी जांभ्याची पाखाडी बासष्ट पायऱ्यांची आहे. अँजिओप्लास्टीनंतरही अण्णा ती एका दमात चढायचे. मग कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला, दवाखान्यात राहावंही लागलं नाही. पण तीन महिने उलटले तरी विसाव्या पायरीला ते गडग्यावर टेकायचे, छातीवर हात ठेवून. घरात सगळ्यांचं एकच पालुपद: "अशक्तपणा आहे, पेज घ्या, येईल भरून."

हृदयरोग्याच्या बाबतीत हा 'अशक्तपणा' शब्द फार घात करतो.

कोविडचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ या प्रथिनाला चिकटून. हे प्रथिन फुप्फुसांत असतं, तसंच हृदयात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही असतं. हे अस्तर शाबूत असतं तोवर रक्त सुरळीत वाहतं; ते सुजलं की रक्त गोठू लागतं. धमनीत आधीच चरबीचा थर असेल, तर सुजेमुळे तो फुटून तिथेच गुठळी धरू शकते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरचा मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. कोविड होऊन गेलेल्यांत पुढच्या वर्षभरात हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचा रक्त ढकलण्याचा जोर कमी पडण्याचा, धोका 72 टक्क्यांनी जास्त दिसला, आणि घरीच बरे झालेलेही त्यातून सुटले नव्हते. ही माणसं बहुतेक पुरुष होती आणि लस येण्याआधीच्या काळातली, त्यामुळे हा आकडा आज जसाच्या तसा लावता येणार नाही. पण साध्या फ्लूचंही तसंच आहे. कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या 7 दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट आढळलं. म्हणून तर हृदयरोग्यांना दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगतात.

आम्ही शेवटी अण्णांच्या पायऱ्या वहीत मांडायला लागलो. शेजारी रोज सकाळचं वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायला लागला. ते अंगावर चढलेलं मांस नव्हतं, साचलेलं पाणी होतं. त्यात आगोटीची सुकी मासळी रोज ताटात, म्हणजे मिठाची भर. डॉक्टरांनी वही पाहिली आणि लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलं. हृदयाचा जोर कमी झाला होता. गोळ्या बदलल्या, मीठ तोडलं, आणि चालणं हळूहळू वाढवायचं ठरलं. ज्या चालण्याने दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागेल, ते करायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

काल वहीत आकडा पडला: एकेचाळीस.