काहून लोड घेऊन राहिला बे?

नागपुरात सीताबर्डीच्या टपरीवर कोणी तोंड पाडून चहा पिताना दिसला, की हा प्रश्न ठरलेला. आपल्या जुन्या मराठीत लोड म्हणजे बैठकीत पाठ टेकायची गोल उशी. इंग्रजी लोड नेमका उलटा, पाठीवर बसणारा. त्याचाही मूळ अर्थ ओझं नव्हे. जुन्या इंग्रजीत तो शब्द वाट आणि वाहून नेणं यासाठी होता. नेण्याचं नाव पुढे नेलेल्या वस्तूला चिकटलं.

'वर्कलोड वाढला' असं ऑफिसात म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यापुढे फाइलींचा ढीग असतो. अभ्यासकांच्या लेखी ढीग म्हणजे लोड नव्हे. काम किती मागतं आणि करणाऱ्यात त्या घडीला किती दम आहे, यावर लोड ठरतो.

नागपूरकराला हे मे महिन्यात वेगळं सांगावं लागत नाही. जानेवारीत विटा वाहणारा मजूर ४५ अंशांतही तेवढ्याच विटा वाहतो. स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. हवाच कातडीपेक्षा तापलेली, त्यामुळे ती उष्णता बाहेर टाकायला फक्त घाम उरतो. हृदयाला स्नायूंबरोबर कातडीकडेही रक्त पाठवावं लागतं. अंगातलं पाणी घटलं की ठोके आणखी वाढतात. विटा त्याच, लोड दुसराच.

डोक्याचा लोड मोजणं जास्त किचकट. त्यासाठी नासाच्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ मध्ये एक प्रश्नावली मांडली. तिच्यात सहा गोष्टी विचारतात: डोकं किती लागलं, अंगमेहनत किती, घाई किती, काम कितपत जमलं, त्यासाठी किती झटावं लागलं आणि चिडचिड किती झाली. चिडचिडीलाही मोजपट्टीवर जागा दिली, हे मला फार आवडतं. उत्तर काम करणाराच देतो, साहेब नाही.

त्याआधी १९७९ मध्ये कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी आणखी एक धागा पकडला होता. मागणी जास्त आणि स्वतःच्या कामावर हुकमत कमी, ही जोडी सर्वांत जाचक. सकाळच्या गर्दीत टपरीवाल्याला उसंत नसते. पण आधी कट कोणाला द्यायचा आणि भांडं केव्हा उतरवायचं, हे तोच ठरवतो. समोर चहा पिणाऱ्या कॉल सेंटरच्या पोराला मात्र पुढचा कॉल कधी येणार तेही ठरवता येत नाही, आणि आलेला लवकर आटपायचा असतो. लोड घेऊन राहिला का, हे त्यालाच विचारतात.