पार्श्वभूमी : कळपात वाढलेला कुत्रा

12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुपालन विभागाने सगळ्या राज्यांना एक पत्र धाडलं. ‘हिंस्र’ ठरवलेल्या 23 जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, असा त्याचा आशय होता. पिटबुल आणि रॉटवायलर त्यात असणार हे कुणालाही सांगता आलं असतं. पण यादी पुढे वाचत गेलं की कांगल, अकबाश, सारप्लानिनाक, टोर्नयाक, मध्य आशियाई आणि कॉकेशियन शेफर्ड अशी नावं लागतात. ही सगळी मेंढपाळांची कुत्री. झुंजीसाठी नव्हे, तर रात्री कळपाजवळ बसून लांडगा-अस्वलाला लांब ठेवण्यासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली. महिनाभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढलं होतं, हा त्यातला मुख्य आक्षेप.

इंदूरकरांनी या नावांकडे लक्ष द्यावं असं कारण आहे. महू, सिमरोल, देपालपूर या बाजूंना दोन-चार एकर घेऊन दहा-वीस बकऱ्या पाळणारे शहरी लोक आता बरेच भेटतात, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यात मोठा कुत्रा कुठला? मग कांगलचं किंवा ‘अलाबाई’चं, म्हणजे मध्य आशियाई शेफर्डचं, पिल्लू भरपूर पैसे मोजून येतं, घराच्या ओट्यावर मुलांच्या अंगाखांद्यावर वाढतं आणि वर्षभराने त्याच बकऱ्यांच्या मागे धावतं. तेव्हा दोष जातीला लावला जातो. या कुत्र्यांचा इतिहास पाहिला तर आकार ही त्यातली दुय्यम गोष्ट दिसते. कुत्रा राखण्या होतो तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणाच्या सहवासात राहिला यावर.

ही गोष्ट सगळ्यात नेमकी टिपून ठेवली ती चार्ल्स डार्विनने. 1833 च्या नोव्हेंबरात तो आजच्या उरुग्वेमध्ये घोड्यावरून फिरत होता. घरापासून मैलोगणती दूर, माणूस नाही काणूस नाही, आणि मोठा कळप एक-दोन कुत्र्यांच्या भरवशावर चरतो आहे, हे त्याला जागोजागी दिसलं. त्याने चौकशी केली. पिल्लू अगदी लहान असताना आईपासून वेगळं काढायचं. मेंढी धरून दिवसातून तीन-चार वेळा तिचं दूध त्याला पाजायचं. झोपायला मेंढ्यांच्या वाड्यातच लोकरीचं अंथरूण करायचं. दुसऱ्या कुत्र्यांत मिसळू द्यायचं नाही, घरच्या मुलांतही नाही. बहुतेक वेळा त्याची नसबंदीही करत. हा कुत्रा रोज मांसाचा तुकडा घ्यायला घरी येई आणि लाजल्यासारखा निघून जाई. घरची कुत्री त्याच्या मागे लागत. पण तो कळपापर्यंत पोचला की वळून भुंकायचा, आणि तीच कुत्री शेपूट घालून पळायची. बळ त्याचं होतं तेवढंच. फरक पडला तो त्याच्या पाठीशी ‘घरची माणसं’ उभी होती म्हणून, आणि त्याची घरची माणसं म्हणजे मेंढ्या.

रोमन लोकांना हे अठराशे वर्षं आधी ठाऊक होतं. इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास व्हारोने शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात मेंढपाळाच्या कुत्र्यांना चांगली जागा दिली आहे. शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून कुत्रा घेऊ नका, असं तो बजावतो : खाटकाचा कुत्रा कळपामागे चालायला आळशी, आणि शिकाऱ्याचा ससा दिसला की मेंढ्या सोडून त्याच्या मागे जाणार. गळ्यात खिळे मारलेला चामडी पट्टा बांधावा आणि खिळ्यांची डोकी मानेला लागू नयेत म्हणून आतून मऊ चामडं लावावं, इतक्या बारकाव्यापर्यंत तो जातो. पुढच्या शतकातल्या कोलुमेलाने मेंढपाळाचा कुत्रा पांढरा असावा असं लिहिलं, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून त्याच्यावरच घाव बसायचा नाही. इटलीचा मारेम्मा, पिरेनीज पर्वतातला मोठा कुत्रा, हंगेरीचा कुवाझ हे आजही पांढरे आहेत. व्हारोने सांगितलेला एक किस्सा तर फार्महाउसवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. एकाने अंब्रिया प्रांतात कळप विकत घेतले, सोबत कुत्रीही आली. मेंढपाळ जनावरं दूर दक्षिणेत पोचवून परतले, आणि थोड्याच दिवसांत कुत्रीही आपण होऊन त्यांच्याकडे अंब्रियात चालत आली.

आता आपल्याकडे. होळकरांच्या इंदुरात मेंढपाळाचा विषय काढायला निमित्त लागू नये. घराण्याचे मूळपुरुष मल्हारराव (1693–1766) धनगर. जन्म नीरेकाठच्या होळ गावचा. वडील गेल्यावर आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला आपल्या भावाकडे आली आणि तिथे हा मुलगा मेंढरं राखू लागला. झोपलेल्या पोरावर नागाने फणा धरल्याची गोष्ट राजवाड्याच्या परिसरात लहान मुलंही सांगतील. त्या गोष्टीत नाग आहे, कुत्रा नाही. धनगराचं पोर कळप घेऊन रानात झोपलंय आणि जवळ कुत्रा नाही, हे मला पटत नाही. सांगणाऱ्यांना तो सांगण्याजोगा वाटला नसेल इतकंच.

दैवताने मात्र त्याला गाळलेलं नाही. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, आणि जेजुरीच्या गडाच्या बांधकामात या घराण्याचा मोठा वाटा. खंडोबाच्या टाकांवर, चित्रांत घोड्याबरोबर कुत्रा असतोच. वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. विधीत भुंकण्याची आणि कोटंब्यात, म्हणजे त्यांच्या भिक्षापात्रात, वाढलेलं खाण्याची चाल होती. धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाचा पंथ यांवर आयुष्य घालवणाऱ्या गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने हे सगळं तपशिलाने नोंदवलं आहे. कुत्र्याला देव्हाऱ्यापर्यंत नेणारा समाज त्याला साखळीने बांधणारा नसतो. धनगराच्या वाड्यावर पिल्लू करडा-कोकरांतच जन्मतं, त्यांच्यात लोळतं, उरलीसुरली भाकरी खातं आणि वाडा हलला की चालू लागतं. उरुग्वेत जे जाणूनबुजून करावं लागत होतं ते इथे आपोआप होतं.

पण हा कुत्रा प्रचंड नाही. सडपातळ, मध्यम चणीचा, आखूड केसांचा. याचं कारण साधं आहे. अस्वलाशी गाठ पडणाऱ्या, बर्फ पडणाऱ्या मुलखात मोठं अंग आणि दाट लव उपयोगी. मोठं शरीर उष्णता धरून ठेवतं. दख्खन-माळव्याच्या उन्हात रोज कोसन्‌कोस चालायचं, खायला भाकरीचा तुकडा, आणि समोर लांडगा. तिथे पन्नास-साठ किलोचा कुत्रा पोसणंच अशक्य. आपल्याकडचे मोठे राखणदार हिमालयात सापडतात : गद्दी, बकरवाल, भोटिया, आणि पलीकडे तिबेटी मॅस्टिफ. बिबट्या नरडं धरतो म्हणून तिकडे आजही काटेरी लोखंडी पट्टा घालतात, व्हारोच्या पट्ट्याचा सख्खा भाऊच. गद्दी कुत्र्याची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद व्हायला मात्र 2025 उजाडलं. मुधोळ किंवा कारवानी या रांगेत बसत नाही, तो नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी कुत्रा. त्याला बकऱ्यांत सोडणं म्हणजे व्हारोने नको म्हटलेलं तेच करणं.

पश्चिमेत ही विद्या जवळपास बुडाली. बंदूक आणि विष आलं, लांडगे संपले, तसा राखण्या कुत्राही बेकार झाला. पिरेनीजच्या कुत्र्याला 1933 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने मान्यता दिली तोवर तो प्रदर्शनाच्या रिंगणात पोचला होता. परत बोलावणं आलं ते कायद्यामुळे. 1972 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालायला बंदी केली. मेंढीवाल्यांना कायोटीपासून, म्हणजे तिथल्या लांडग्याच्या लहान भाईबंदापासून, बचावाचा दुसरा मार्ग हवा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने त्याच दशकाच्या उत्तरार्धात इटली, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथून पिल्लं आणली, शेतकऱ्यांना वापरायला दिली आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. कुत्रा जनावरांना इजा न करणारा हवा, त्यांच्याकडे लक्ष ठेवणारा हवा आणि संकटात आडवा येणारा हवा, ही त्यांची तिहेरी कसोटी, आणि क्रमही हाच. शौर्य शेवटी. फ्रान्समध्ये 1992 ला लांडगे इटलीतून आल्प्समध्ये परतले, तेव्हा तिथल्या मेंढपाळांनाही आजोबांची विद्या नव्याने शिकावी लागली.

या कथेचा एक धागा थेट आपल्या दारात येतो. नामिबियात लॉरी मार्कर यांच्या चित्ता संवर्धन संस्थेने 1994 पासून शेतकऱ्यांना अनातोलियन आणि कांगल पिल्लं द्यायला सुरुवात केली. बकऱ्या वाचल्या की शेतकरी चित्त्यावर गोळी झाडत नाही, हा हिशोब, आणि तो बऱ्यापैकी जमला. 17 सप्टेंबर 2022 ला कूनोत उतरलेले आठ चित्ते नामिबियाचे, आणि त्या कामात ही संस्था सहभागी होती. 20 एप्रिल 2025 ला कूनोतले दोन नर गांधीसागरला, म्हणजे माळव्याच्या उत्तर टोकाला सोडले गेले. चित्ता आपण आणला. त्याच्याबरोबर जगायला नामिबियाने जो कुत्रा वापरला त्याला वर्ष-दीड वर्षात ‘हिंस्र’ यादीत टाकलं. सरकारी खात्यांनी एकमेकांची पत्रं वाचावीत अशी अपेक्षा ठेवणं बहुधा जास्तच.

पिल्लू वाढवण्याचं शास्त्र या इतिहासाला पुष्टीच देतं. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत केलेलं दीर्घ काम 1965 मध्ये प्रसिद्ध झालं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाची ‘आपलं कोण’ ही समजूत पक्की होते, असं त्यातून दिसलं. पिल्लू विकत मिळतं आठव्या आठवड्याला, म्हणजे निम्मी मुदत विक्रेत्याच्या घरी संपलेली असते. उरलेल्या दिवसांत त्याची जागा गोठ्यात, जाळीआड का होईना पण बकऱ्यांच्या श्वासाच्या अंतरावर हवी. माणसाने हात लावावा, तपासणी आणि लसीपुरता नक्कीच, पण लाड गोठ्यातच करावेत. पुढे सहा महिने ते दीड वर्ष हा वाईट काळ : अंगाने रेडा, अकलेने पोर. करडाचे कान चावणं, पाठलाग करणं हा खेळ असतो, पण करडू मरतं. अनेक देशांतले मेंढपाळ अशा वेळी गुरांना अडकवतात तसं लोढणं कुत्र्याच्या गळ्यात टांगतात, आणि त्याला ठोकर देणाऱ्या जाणत्या बोकडांत ठेवतात. पूर्ण भरवसा दोन वर्षांआधी टाकू नये.

महाकाय जातीची दुसरी अडचण हाडांची. कॉर्नेल विद्यापीठात 1974 मध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात पोटभर सकस खाऊ घातलेल्या पिल्लांचीच हाडं बिघडली. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला हाझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये नुसत्या जादा कॅल्शियमनेही तेच होतं हे दाखवलं, कारण लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नाकारता येत नाही. आपल्याकडे मोठ्या जातीचं पिल्लू आलं की पहिली खरेदी कॅल्शियमच्या बाटलीची होते. ती करू नये. पिल्लू हळू वाढू द्यावं, बरगडी हाताला लागावी, आणि शंका असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 पासून तिथेच आहे.

राहिला माळव्याचा प्रश्न. मे महिन्यात दुहेरी लवेच्या कुत्र्याला सावली, वारा आणि बसायला ओली माती लागते. लव भादरली तर ऊन थेट कातडीला लागतं. हे कुत्रे रात्री भुंकतात, तेच त्यांचं मुख्य हत्यार, आणि शेजाऱ्याला ते आधी सांगितलेलं बरं. त्यांना कुंपणाची हद्द आपोआप कळत नाही, आणि खंडवा रोडवरचे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. कॉपिंजरांच्या कुत्र्यांतही अपघाती मृत्यू फार होते. बिबट्याचं गणित आणखी वेगळं. चोरल, मानपूरच्या जंगलात तो आहे, शहराला खेटून असलेल्या होळकरांच्या जुन्या शिकारगाहीत, राळामंडळातही आहे. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशोबात 39 टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. एकटा कुत्रा, तोही साखळीला बांधलेला, म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. रात्री बकऱ्या छताखाली, पक्क्या जाळीत, आणि कुत्रे दोन.

एवढं सगळं मांडल्यावर दहा बकऱ्यांसाठी मी कांगल घेणार नाही. धनगराच्या किंवा एखाद्या फिरत्या मेंढपाळाच्या वाड्यावरचं पिल्लू मागेन. आणि ज्यांना महाकायच हवा असेल त्यांनी विक्रेत्याला वंशावळीचा कागद आणि बापाचं वजन नंतर विचारावं. आधी पिल्लाची आई कुठे राहते ते विचारावं आणि जाऊन बघून यावं. ती सिमेंटच्या पिंजऱ्यात असेल तर तसंच परत फिरावं.