जावा-येझदी २५०: इंजिन बांधायला देण्यापूर्वी

जावा-येझदी मोटारसायकली बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामुळे आमच्या गॅरेजकडे येणाऱ्या प्रत्येक इंजिनातले ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती तेल-हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) जुने, कडक झालेले असतात, किंवा मधे कोणीतरी मिळेल ते बसवलेले असतात. बरेच ग्राहक "फक्त बोअर-पिस्टन करून द्या" (म्हणजे सिलिंडर आतून कापून नवा पिस्टन बसवा) म्हणतात. तेवढंच काम आम्ही घेत नाही.

कारण असं: टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो ती खालची पेटी) हाच पंप असतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे येतं, दाबलं जातं आणि मग सिलिंडरमध्ये वर जातं. डायनमोच्या बाजूचं सील गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि नवा पिस्टनही तापून जॅम होतो. थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लवकर उतरत नसेल, तर पहिला संशय याच सीलवर घ्यावा. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं: भरपूर पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. पिस्टनच्या रिंगा बदलून हा धूर थांबत नाही.

म्हणून क्रँककेस पूर्ण उघडतो. दोन भाग स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटत नाही; जोडाच्या पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी तिथून हवा जाते. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बाजूला थोडा सरकतो, ते ठीकच. पण वर-खाली जरासा जरी खेळ लागला तर बिग-एंड बेअरिंग (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं), पिन आणि रॉड बदलावे लागतात. क्रँक प्रेसवर जोडून डायल गेजखाली (बारीक वाकडेपणा दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाखाली) सरळ करतो.

मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मि.मी. आधी नवा पिस्टन हातात घेऊन मोजतो, मगच त्या मापाने बोअरिंग. नंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांच्या) कडा हलक्या घासून मोडाव्याच लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) सर्क्लिप, म्हणजे पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्या, प्रत्येक वेळी नव्या.

इंजिन जोडल्यावर इनटेक, एक्झॉस्ट बंद करून आत सुमारे ६ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच एकक) दाबाने हवा भरतो. मिनिटभरात १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाच्या पाण्याने गळती शोधतो. जास्त दाब देत नाही, त्याने सीलच बाहेर सरकतं.

गाडी नेल्यावर पहिले १,००० कि.मी. पेट्रोलच्या लिटरला ५० मि.लि. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) घाला, नंतर ४०. एकाच वेगात लांब पल्ला मारू नका, वरच्या गिअरमध्ये ओढायला लावू नका. घाट उतरताना थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये गाडी सोडू नका: पेट्रोल थांबलं की त्याबरोबर येणारं ऑइलही थांबतं आणि इंजिन मात्र वेगात फिरत राहतं. क्लच दाबा किंवा अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडा. साधारण ३०० कि.मी. झाल्यावर गाडी थंड असताना आणा, हेडचे नट पुन्हा आवळून देऊ.

खर्चाचा पक्का अंदाज केस उघडल्यावरच देता येतो. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत मिळतील.