बुरशी खरवडली, दाणे भाजले, तरी विष राहते

पावावरची हिरवट बुरशी खरवडली किंवा बुरसटलेले शेंगदाणे खरपूस भाजले की ते खायला हरकत नाही, हा समज घरोघरी चालत आला आहे. तो चुकीचा आहे. वर दिसतो तो बुरशीचा केवळ एक भाग असतो, तिचे तंतू मऊ, ओलसर पदार्थांत डोळ्यांना न दिसता आतपर्यंत पसरलेले असतात. (गाजरासारख्या घट्ट भाजीत ते सहसा खोल जात नाहीत, त्यामुळे तेथे डागाभोवतीचा इंचभर भाग कापून टाकणे पुरते.)

भाजण्याविषयीचा गैरसमज अधिक घातक आहे. शेंगदाण्यांवर आणि मक्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला अपायकारक विष तयार करतात. उष्णतेने बुरशी मरते, परंतु हे विष २०० अंश सेल्सिअसच्या वरही टिकू शकत असल्याने घरच्या भाजण्या-शिजवण्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवेळी पावसात भिजून बुरसटलेला मका खाल्ल्याने यकृताचा विकार होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली.

पेनिसिलिन बुरशीपासून मिळते, हे खरे. पण ते एका विशिष्ट बुरशीपासून काढून शुद्ध केलेले औषध आहे, आणि डब्यातल्या पोळीवर कोणती बुरशी आली आहे हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.